नवीन स्किन टाकूनही स्नेअरचा आवाज डब्यासारखा का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १४ इंची स्टीलचा स्नेअर (ड्रम सेटमधला, खालच्या बाजूला तारा ताणलेला ड्रम) आहे, वरची स्किन, म्हणजे वाजवायचा पडदा, महिन्यापूर्वीच बदलली, तरी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज येतो. टेप चिकटवली तर तो डबाही मरतो.

आधी ती टेप काढा आणि ड्रम पालथा घाला. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण खालच्या स्किनबद्दल एक शब्द नाही. माझा पहिला संशय तिथेच.

मी नाशिकचा. स्नेअरच्या आधी ताशा वाजवला, वाकडी बारवहून निघणाऱ्या गणपतीच्या मिरवणुकीत. तिथे ट्यूनिंग एकच, पाना घ्यायचा आणि मनगट नको म्हणेपर्यंत आवळायचं. तीच खोड घेऊन ड्रम सेटवर बसलो आणि पहिल्याच स्नेअरच्या एका बोल्टचे आटे घालवले. नंतर कालिदास कलामंदिरात एका ऑर्केस्ट्राच्या साउंड चेकला मी वरची स्किन आवळत बसलो होतो, तेव्हा शेजारच्या ढोलकीवाल्या काकांनी विचारलं, ‘‘अरे, खाली काय आहे ते कधी बघितलंस का?’’ बघितलं, तर खालची स्किन बोटाने दाबली की पापडासारखी आत जात होती.

खालच्या स्किनला कधी काडी लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते. पण स्नेअरचा ‘चर्र’ तिच्यामुळेच येतो. ती मुद्दाम फार पातळ बनवलेली असते. वरची साधी एकेरी स्किन साधारण पाव मिलिमीटर, तर खालची बहुतेक वेळा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच. वर काडी पडली की आतली हवा खालच्या स्किनला ढकलते आणि ती स्किन तारांना नाचवते. ती सैल असेल तर तारा उशिरा, आळसावून बोलतात. म्हणून खालची चांगली ताणलेली हवी. अंगठ्याने दाबल्यावर किंचितच दबावी. मी ती वरच्यापेक्षा बऱ्यापैकी चढ्या सुरात ठेवतो.

तारा सोडवून दोन्ही स्किन एकेक करून लावा. सगळे बोल्ट आधी बोटाने लागतील तेवढेच लावा, मग चावीने समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर रिम (स्किन दाबून धरणारं कडं) तिरकी बसते. आता तबलजी आठवा. हातोडीने गजऱ्यावर ठोकत तो एकेक घर सुरात आणतो ना, तेच करायचंय. तारा बाजूला असताना स्किनच्या मधोमध बोट हलकेच टेकवून प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काडीने टिचकी मारा. एखादं घर, म्हणजे इथे एखाद्या बोल्टजवळची जागा, उतरलेलं असेल तर कानाला लगेच कळतं. चढलेलं घर उतरवायचं असेल तर थोडं जास्तच सोडा आणि परत वर आणा, म्हणजे बोल्ट पकड धरून राहतो. ही पायरी कंटाळवाणी आहे. माझी पंधरा-वीस मिनिटं यातच जातात, पण डब्याचा आवाज इथेच जातो, कारण तो बऱ्याचदा एकमेकांशी भांडणाऱ्या घरांचा असतो.

तारा जिथून कडेबाहेर येतात तिथे खोडाची (ड्रमच्या गोल भांड्याची) कड किंचित खाली घासलेली दिसेल. तो दोष नाही, तारा सपाट बसाव्यात म्हणून ती तशीच असते. तिथे स्किनला बारीकशी सुरकुती राहिली तर ती घालवायला जाऊ नका.

तारा परत लावताना दोन्ही टोकांना कडेपासून सारखं अंतर ठेवा. तारा बांधणारी दोरी किंवा पट्टी एका बाजूला जास्त ओढली गेली की अर्ध्या तारा स्किनला लागतच नाहीत. मग लिव्हर (तारा स्किनला टेकवणारा खटका) लावून तारांचा ताण बदलणारा गोल नॉब पूर्ण सैल सोडा आणि बोटांनी अगदी हळू वाजवत थोडा-थोडा आवळा. हळू वाजवल्यावरही तारा स्वच्छ बोलायला लागल्या की थांबा. त्यापुढे आवळलात तर गळा दाबल्यासारखा आवाज येतो. नवशिके हमखास इथे चुकतात. आवाज मोठा हवा म्हणून तारा आवळतात आणि तो आणखी बारीक होतो.

एवढं करूनही थोडी ‘टंग’ उरेल. स्टीलच्या खोडात ती असतेच. तुम्ही ड्रमवर वाकून ऐकता, म्हणून ती जास्त वाटते. कुणाला तरी वाजवायला लावा आणि स्वतः खोलीच्या दारात उभे राहा, गिटार-कीबोर्ड चालू असतील तर उत्तम. तिथूनही खुपली, तर घडी घातलेला हातरुमाल कडेला ठेवा. टेपपेक्षा तो बरा, दोन गाण्यांच्या मध्ये उचलता येतो.

राहिलं टॉम (सेटमधले तारा नसलेले ड्रम) वाजवताना स्नेअरचं आपोआप चरचरणं. तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. टॉमचा सूर स्नेअरच्या सुराशी जुळला की तारा थरथरतात. टॉम जरा वर किंवा खाली घ्या, नाहीतर खालच्या बाजूला तारांच्या दोन्ही टोकांजवळचे चार बोल्ट पाव-पाव फेरा सोडा. पूर्ण जाणार नाही. माझीही पूर्ण गेलेली नाही.