डिप्लोमाची घाई करू नका

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय: "मुलगा 17 वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. पुढच्या जूनमध्ये ग्रॅज्युएशन. शाळा म्हणते, त्यालाही डिप्लोमा मिळेल. घरात सगळे आनंदात आहेत, मला मात्र झोप लागत नाही. जुलैपासून तो काय करणार?"

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. नेहमीचा डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, एकदा हातात पडला की शाळेची जबाबदारी तिथेच संपते. तो घेतला नाही, तर न्यू जर्सीत ज्या शालेय वर्षात 21 पूर्ण होतात ते संपेपर्यंत शाळेकडून जॉब कोचिंग, एकट्याने बसने जायचा सराव, पैशांचे व्यवहार शिकवणं असं सगळं मागता येतं. राज्याच्या प्रौढांसाठीच्या सेवा तिथे सुरू होतात 21 व्या वर्षी. म्हणजे डिप्लोमा आत्ता घेतला तर मधली तीन वर्षं मुलगा घरात बसणार. वर्गमित्रांबरोबर टोपी घालून स्टेजवर जाऊ द्या, फोटो काढा. डिप्लोमा मागाहून घेता येतो. हे आयईपीत, म्हणजे शाळेने त्याच्यासाठी आखलेल्या खास शिक्षणयोजनेत, लेखी असू द्या.

18 पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान, शाळेच्या कागदांवर सही त्याची. लगेच कोर्टात धावून त्याच्या वतीने निर्णय घ्यायचं कायदेशीर पालकत्व मागू नका. त्याला काय काय समजतं ते आधी नीट बघा, कित्येकांना मुखत्यारपत्र पुरतं. एसएसआयसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तींना मिळणाऱ्या सरकारी मासिक मदतीसाठी, 18 नंतर आईवडिलांचं उत्पन्न धरत नाहीत, पण त्याच्या नावावर 2,000 डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. आजोबांनी मायेनं पुण्यात नातवाच्या नावे एफडी केली असेल, तर तीही हिशेबात येऊ शकते. त्यांच्याशी आत्ताच बोला आणि स्पेशल नीड्स ट्रस्टबद्दल (त्यात त्याच्यासाठी ठेवलेले पैसे या मर्यादेत धरत नाहीत) वकिलाला विचारा. (एच-4 वर, म्हणजे एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असाल तर एसएसआय नाही, शाळेतले हक्क मात्र व्हिसावर अवलंबून नसतात.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाळेतल्या आयईपीच्या मीटिंगमध्ये त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. माझ्या लेकीच्या मीटिंगला कितीतरी वर्षं मीच बोलायचे. एकदा शिक्षिकेनं तिलाच विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "टॉवेल." घरी वाळलेले टॉवेल ती काठाला काठ जुळवून, तळव्याने दाबून घडी घालते. जरा वाकडी झाली तर मोडून पुन्हा घालते. ते काम आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं! त्या वर्षी तिच्या आयईपीत हॉटेलच्या लाँड्रीतला कामाचा अनुभव आला.

तुमचा मुलगा कोणी न सांगता घरात काय करतो, ते आठवडाभर बघा आणि लिहून ठेवा. कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल तर तेही लिहा. मग तो कागद त्याच्याच हातात देऊन त्याला मीटिंगला न्या.