लाईमच्या पेशंटला "तुला काही झालेलं नाही" असं म्हणू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं गाव, समोर बसलेली बाई म्हणतेय मला क्रॉनिक लाईम आहे, गोचीड चावून आलेला लाईमचा जंतू अजून अंगात आहे, सहा महिने सलाईनमधून सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक द्या, आणि तुझे सिनियर बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणतात की हे सगळं डोक्यातलं आहे, सायकियाट्रीला पाठव आणि मोकळी हो. तू विचारलंयस की दोघांत बरोबर कोण. मी याच राज्यात २९ वर्षं प्रॅक्टिस केली, तरी या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर मला देता येत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. सावकाश वाच.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते. जून महिना होता, जमैकाहून आलेला एक पेशंट, लोकांच्या घरची लॉन कापायचं काम करायचा. गुडघ्याच्या मागे डाग आणि अंगात कसकस. पुस्तकात लाईमच्या रॅशचे फोटो असतात ते गोऱ्या कातडीवरचे, लाल गोल आणि मधे फिकट, नेमबाजीच्या फळीसारखे. त्याच्या काळ्या त्वचेवर ते लाल दिसतच नव्हतं, जांभळट आणि गरम एवढंच. मी स्वतः सावळी, मिरजेला शिकलेली, सावळ्या कातडीवर आजार वेगळा दिसतो हे मला कोणी सांगायला नको होतं, तरी मी सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचं साधं इन्फेक्शन, लिहिलं आणि सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं. हे नीट लक्षात ठेव, सेफॅलेक्सिन लाईमच्या जंतूवर चालत नाही. ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा गुडघा टम्म सुजलेला. मग टेस्ट पॉझिटिव्ह, मग २८ दिवस डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक, सूज उतरली. थकवा मात्र गेला नाही. झोप लागेना, शब्द आठवेनात, मशीन ढकलून आला की दोन दिवस पडून राहायचा. चार वेळा माझ्याकडे आला आणि चारही वेळा मी त्याला १५ मिनिटांत नॉर्मल रिपोर्ट दाखवून परत पाठवलं.

पाचव्या वेळी तो आला नाही. दोन तासांच्या अंतरावर एक डॉक्टर होता, तिकडे गेला. त्याने दीड तास ऐकून घेतलं म्हणे, आणि मग दंडात कॅथेटर घालून आठ महिने अँटिबायोटिक चालवलं. शेवटी त्या कॅथेटरमधूनच रक्तात इन्फेक्शन गेलं, आयसीयूत ११ दिवस. वाचला तो. पण तो तिकडे का गेला हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही, कारण उत्तर मला माहितीये. तिकडे कोणीतरी ऐकलं.

आता यातला जो भाग वादाचा नाहीच तो आधी पक्का कर. उपचार न केलेला लाईम हा खरा, मोजलेला आजार आहे. सत्तरीच्या दशकात, अँटिबायोटिकचा उपयोग कळायच्या आधी, रॅश आलेल्या पेशंट्सना नुसतं बघत ठेवलं गेलं होतं, त्यातल्या १० पैकी साधारण ६ जणांना पुढे सांधे सुजण्याचा त्रास झाला. काहींचा अर्धा चेहरा लुळा पडतो, काहींच्या हृदयाचे ठोके अडखळतात. म्हणून उन्हाळ्यात, या भागात, तसा रॅश दिसला की टेस्टची वाट बघू नकोस, त्या दिवशीच गोळ्या सुरू कर. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अँटिबॉडी बरेचदा तयारच झालेल्या नसतात, टेस्ट निगेटिव्ह येते आणि ते बघून डॉक्टर निवांत होतात. पेशंट गोचीड चावलेली आठवत नाही म्हणाली तरी विश्वास ठेव, उन्हाळ्यात चावते ती गोचिडीचं पिल्लू असतं, खसखशीच्या दाण्याएवढं, कोणाला दिसणार? आणि उलट बाजूही लक्षात असू दे, त्याच अँटिबॉडी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतू अजून आत जिवंत आहे असं होत नाही. हे पेशंटला कागदावर चित्र काढून समजाव, तोंडी सांगून कळत नाही, मी करून बघितलंय.

तुझ्या सिनियरांना एक गोष्ट माहीत असेल पण ते विसरले असतील. हा आजार आपल्याला कळला तो एका बाईमुळे, जिला डॉक्टरांनी अनेक वर्षं हेच सुचवलं होतं की दुखणं मनाचं आहे. पॉली मरे, इथल्याच लाईम गावातली, चार मुलांची आई. स्वतःला, नवऱ्याला, मुलांना रॅश आणि सुजलेले गुडघे, आणि तिने सगळ्याच्या तारखांसकट नोंदी ठेवल्या. १९७५ मध्ये तिने राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला, त्याच सुमारास दुसऱ्या एका आईनेही केला, मग येल विद्यापीठातले तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांच्यापर्यंत ते पोचलं. मुलांना ज्युव्हेनाइल र्‍हुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, आहे असं सांगितलं गेलं होतं, आणि एवढ्याशा गावांत इतकी मुलं कशी हा साधा प्रश्न स्टीअर यांनी विचारला. १९७७ च्या पेपरमध्ये ५१ पेशंट आहेत, त्यात ३९ मुलं. जंतू सापडला तो नंतर, विली बर्गडॉर्फर यांना १९८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडींच्या पोटात. त्या आईच्या वहीकडे कोणी बघितलंच नसतं तर हे सगळं किती वर्षं लांबलं असतं कोण जाणे.

आणि पुढे काय झालं बघ. त्याच स्टीअर यांनी नव्वदच्या दशकात सांगायला सुरुवात केली की लाईम नसलेल्या पुष्कळ लोकांवर लाईमचा शिक्का बसतोय, तर पेशंट त्यांच्यावर इतके चिडले की धमक्या आल्या. मला दोन्हीकडचं कळतं. ज्याला वर्षभर कोणी खरं मानलेलं नाही त्याला अखेर एक नाव मिळालं, आणि आता ते नावही काढून घेताय.

आता सलाईनचं. २००१ मध्ये क्लेम्पनर आणि मंडळींचा पेपर आला, लाईमचे उपचार होऊनही त्रास राहिलेले १२९ पेशंट, अर्ध्यांना महिनाभर सेफ्ट्रिॲक्झोन आणि पुढे दोन महिने डॉक्सिसायक्लिन, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं खोटं औषध. फरक पडला नाही. २००३ च्या एका अभ्यासात थकवा थोडा कमी झाला पण विचार करायचा वेग तसाच, २००८ मध्ये १० आठवड्यांच्या सलाईननंतर सुरुवातीला जरा बरं वाटलं आणि २४ आठवड्यांपर्यंत ते टिकलं नाही, आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० पेशंटांवर १२ आठवड्यांची गोळी, तिचाही जास्तीचा फायदा नाही. तिकडे कॅथेटरची इन्फेक्शनं, रक्ताच्या गुठळ्या, आतड्यातलं क्लॉस्ट्रिडियम या जंतूचं इन्फेक्शन हे सगळं खरंच होतं, लोक यात मेलेही आहेत. त्यामुळे सहा महिन्यांचं सलाईन तू देऊ नकोस. इथे मी अजिबात हलणार नाही.

पण अगं, त्या २००१ च्या पेपरचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगतच नाही. त्यात त्या पेशंटांची शारीरिक अवस्था मोजलीये, आणि ती हार्ट फेल्युअरच्या पेशंटांच्या जवळपास निघाली. म्हणजे ज्या पेपरचा आधार घेऊन तुझे सिनियर म्हणतात की या बाईला काही झालेलं नाही, तोच पेपर सांगतोय की हे लोक खूप आजारी आहेत, फक्त हे औषध त्यांना लागू पडत नाही. अगदी अलीकडे जॉन्स हॉपकिन्समध्ये लाईमचे वेळेवर उपचार झालेले लोक आणि लाईम कधीच न झालेले लोक यांची तुलना झाली, तर पहिल्या गटात साधारण १४ टक्के आणि दुसऱ्यात ४ टक्के लोकांना असा टिकून राहणारा त्रास होता. १४ म्हणजे खरा फरक आहे. आणि ४ म्हणजे काही लोकांना हा त्रास दुसऱ्याच कशामुळे तरी होतो. दोन्ही आकडे डोक्यात ठेव.

का होतं, यावर काम चालूये. मेलेल्या जंतूच्या भिंतीचे तुकडे सांध्यात मागे राहतात आणि शरीर त्यांच्याशी झगडत बसतं असं एक संशोधन आहे, मला ते पटण्यासारखं वाटतं. कोविडनंतर तर इन्फेक्शन जाऊनही आजार मागे उरतो याला कोणी हसत नाही.

राजकारणाचं थोडक्यात, कारण त्यात शिरलीस तर वर्ष जाईल. इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २००६ च्या गाईडलाईन्स लांबलचक अँटिबायोटिक देऊ नका म्हणत होत्या, त्यांवर इथल्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनी, चौकशी लावली, मग स्वतंत्र पॅनेल बसलं, २०१० मध्ये त्यांनी सगळ्या ६९ शिफारशी योग्य ठरवल्या. त्याच्या आदल्याच वर्षी राज्याने कायदा केला की जास्त दिवस अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरवर फक्त तेवढ्यासाठी कारवाई होणार नाही. विज्ञानातला वाद कोर्टात आणि विधानसभेत गेला की पेशंट बिचारा दोन्हीकडून ओढला जातो.

मग गुरुवारी ती बाई आली की काय करायचं? डबल स्लॉट, म्हणजे दुप्पट वेळ, मागून घे, भांडून घे पण घे. पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात लावू नकोस. ती कधी पूर्ण बरी होती आणि नंतर काय बदललं हे विचार. मुळात तिला लाईम झाल्याचा पुरावा आहे का, कोणत्या लॅबचा, नीट वाच. मग बाकीचं शोध आणि मनापासून शोध, थायरॉइड, ॲनिमिया, बी१२, झोपेतला श्वास, त्याच गोचिडीतून येणारा बबेसिया हा रक्तातला जंतू, एमएस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार. क्रॉनिक लाईम या नावाखाली कॅन्सर लपून राहिल्याच्याही नोंदी आहेत. डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार कर, पण आजारामुळे मन खचलंय असं सांग, मन खचल्यामुळे आजार आहे असं नको. सलाईन का देणार नाही हे स्पष्ट सांग, आणि त्याच दमात पुढच्या महिन्याची तारीख दे. पुढची तारीख मी त्याला कधीच दिली नव्हती.

एक जाता जाता. आपल्याकडची माणसं मुलाकडे इकडे येतात, मे-जूनमध्ये नातवाबरोबर मागच्या अंगणात बसतात आणि ऑगस्टमध्ये पुण्याला परत. तिथल्या डॉक्टरला लाईम सुचणार कसा? आपल्याकडे गोचीड म्हणजे गुरांची, फार तर दोडामार्गकडचा माकडताप, तो वेगळाच व्हायरस. तेव्हा कोणाचे आईवडील निघाले की डिस्चार्ज समरीत इथल्या मुक्कामाचं ठिकाण आणि तारखा लिहून देत जा. आणि पुण्यात कोणी कधी इकडे न आलेला माणूस थकला म्हणून लाईमची टेस्ट करायला निघाला तर त्याला थांबव, तिथे खोट्या पॉझिटिव्हचीच शक्यता जास्त.

गुरुवारी संध्याकाळी फोन कर, कितीही उशीर झाला तरी. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांग, तुझ्या नोट्समधल्या भाषेत नको.

तुझी,
मॅडम
(ताई म्हणालीस तरी चालेल)