माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहिण्यापूर्वी

अर्जावर नुसते ‘विधी व न्याय मंत्रालय, नवी दिल्ली’ असे लिहून तो धाडू नका, कारण या मंत्रालयात तीन स्वतंत्र विभाग आहेत आणि प्रत्येकाचे माहिती अधिकारी वेगळे असतात. इतर मंत्रालयांना कायदेशीर सल्ला देणे आणि केंद्राचे खटले पाहणे हे विधी कार्य विभागाचे काम असून मुंबईतही त्याचे शाखा सचिवालय आहे. विधेयकांचे मसुदे विधायी विभाग तयार करतो. उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाइल मात्र न्याय विभागातून फिरते. हा विभाग २००९ अखेरपर्यंत गृह मंत्रालयात होता, त्यामुळे जुन्या कागदांवर गृह मंत्रालयाचे नाव दिसले तर गोंधळू नका.

नवख्यांची नेहमीची चूक तपासयंत्रणांबाबत होते. सीबीआय कार्मिक मंत्रालयाच्या, एनआयए गृह मंत्रालयाच्या, तर ईडी अर्थ मंत्रालयातील महसूल विभागाच्या अखत्यारीत येते. कायदा मंत्र्यांच्या हाताखाली यांपैकी एकही नाही, हे मलाही फार उशिरा उमगले. पोलीस आणि तुरुंग हे तर राज्यांचे विषय, तेव्हा येरवड्याच्या कारागृहाविषयीचा प्रश्न दिल्लीला विचारण्यात अर्थ नाही.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करून तुम्हाला तसे कळवणे बंधनकारक आहे. माझा एक अर्ज तीन आठवडे तसाच पडून होता, म्हणून पोचपावतीवरचा शिक्का आणि तारीख जपून ठेवा.