दूतावासावरचा पहिला दहशतवादी हल्ला कोणता? आणि आज दूतावास कितपत सुरक्षित असतात?

'पहिला' कोणता यावर वाद घालण्यात अर्थ नाही, व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. गाडीत स्फोटकं भरून केलेल्या हल्ल्यांचं विचारत असाल तर ३० मार्च १९६५, व्हिएतनाममधल्या सायगावचा अमेरिकी दूतावास, इथून सुरुवात करा. आत्मघाती हल्ल्यांचं विचारत असाल तर बैरूतमधला इराकी दूतावास, डिसेंबर १९८१. मधल्या काळात आत घुसून ओलीस धरायची पद्धत होती: खार्तूम १९७३, स्टॉकहोम १९७५, लंडन १९८०. बाकी नावं कुठेही सापडतील.

मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. सुरक्षित म्हणजे कोण? आतला राजदूत, की फाटकाबाहेर उभा असलेला माणूस?

बरीच वर्षं मी एका दूतावासाच्या व्हिसा विभागात स्थानिक कर्मचारी होतो. कुठल्या ते सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं आहे. सकाळी रांगेतल्या लोकांचे कागद बघून टोकन द्यायचं, हे माझं काम. ही रांग काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या बाहेर, फाटकाला खेटून फुटपाथवर लागायची. आणि आत जाणारी प्रत्येक गाडी तपासणीला थांबायची ती बरोब्बर या रांगेच्या शेजारी. गाडीखाली आरसा फिरतोय, डिकी उघडली जातेय, आणि हातभर अंतरावर फाइल छातीशी धरून म्हाताऱ्या बायका उभ्या. गाडीत काही निघालंच तर ते कुणाच्या अंगावर फुटणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याला म्हटलं, रांग मागच्या बाजूला न्या, नाहीतर गाड्या अलीकडच्या वळणावरच तपासा. तो म्हणाला, "माझी जबाबदारी भिंतीच्या आत सुरू होते." मी लेखी दिलं. मागच्या बाजूला छप्पर घालायला तरतूद नाही, असं उत्तर आलं. पुढे फाटकासमोर नवे पोलादी खांब मात्र बसले, त्याला तरतूद होती. एकदा चहाच्या वेळी मी पुन्हा विषय काढला, तर साहेब सगळ्यांसमोर हसले. "अहो, बाहेरच्या माणसांवर कोण बॉम्ब वाया घालवतोय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आता हिशेब मांडतो.

७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दारेसलाममध्ये अमेरिकी दूतावासांवर एकाच सकाळी हल्ले झाले. मेले २२४, त्यात अमेरिकन १२. नैरोबीत आधी हातबॉम्बचा आवाज झाला, आजूबाजूच्या इमारतींतले लोक काय झालं म्हणून खिडक्यांशी आले, आणि मग मुख्य स्फोट झाला. काचांनी कित्येकांचे डोळे गेले. दारेसलाममध्ये दूतावासाचाच पाण्याचा टँकर आडवा आला म्हणून इमारत कोसळायची वाचली. त्या टँकरचं माणूस मेलं. जून २००२, कराचीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाबाहेर गाडी उडवली. मेले ते सगळे पाकिस्तानी.

आपलं उदाहरण घ्या. ७ जुलै २००८, काबूलमधला भारतीय दूतावास. तिथले अधिकारी ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि व्ही. व्यंकटेश्वर राव यांची गाडी फाटकातून आत शिरत असताना आत्मघातकी गाडी येऊन धडकली. ते दोघे गेले, पहाऱ्यावरचे आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) दोन जवान गेले. पण एकूण मृत ५८ होते आणि त्यातले बहुतेक अफगाण: व्हिसासाठी आलेले, रस्त्यावरून चाललेले. त्यांची नावं सांगा बघू कुणी. मलाही सांगता येणार नाहीत.

भिंती कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. अंतर हेच खरं संरक्षण, कारण स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. बैरूतमधल्या अमेरिकी दूतावासावरच्या स्फोटांनंतर, १९८५ सालीच, दूतावासांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेच्या इनमन समितीने दूतावास रस्त्यापासून १०० फूट आत असावा असं सांगितलं होतं. नैरोबीचा दूतावास तेरा वर्षांनीही भर चौकात, रस्त्याला लागूनच होता. राजदूत प्रुडन्स बुशनेल आधीपासून वॉशिंग्टनला धोका कळवत होत्या. पण १०० फूट मोजताना रांग त्याच्या कुठल्या बाजूला उभी करायची, हे मोजणाऱ्याला विचारा. काबूलमध्येच ३१ मे २०१७ ला जर्मन दूतावासाजवळ टँकर फुटला तेव्हा दीडशेच्या वर माणसं मेली. तीही मुख्यतः रस्त्यावरची.

हां, एक बाजू सांगायची राहिली. फाटक सारखं उघडं ठेवणं हाही धोकाच. डिसेंबर २००४ मध्ये सौदी अरेबियात जेद्दाहच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात हल्लेखोर तिथल्याच गाडीच्या मागोमाग आत घुसले. त्यामुळे सगळ्यांना सरसकट आत घ्या, असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. रांग आणि गाड्यांची तपासणी एका जागी नको, एवढंच म्हणणं होतं. (तिथेही पाच कर्मचारी मेले, त्यात अमेरिकन एकही नाही. साहेबांनी हेही वाचावं.)

तुमची स्वतःची मुलाखत असेल तर दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी जाऊन फाटकाशी ताटकळू नका, आणि घरच्यांना सोबत उभं करू नका. टोकन आधी मिळत नाही, मीच ते द्यायचो.