आपले प्रश्न, आमची उत्तरे : हंगाम सरल्यानंतरचे इबिझा

प्रश्न : आम्ही उभयता पन्नाशी ओलांडलेले आहोत. पुढच्या हिवाळ्यात स्पेनला जाण्याचा विचार आहे आणि त्यात चार-पाच दिवस इबिझा बेटावर राहावे असे वाटते. नाचगाण्यात आम्हाला रस नाही. चालणे, जुनी गावे आणि समुद्र एवढेच हवे आहे. मात्र आमची मुलगी म्हणते की हिवाळ्यात तिथे सगळे बंद असते, जाऊन काय करणार? तिचे म्हणणे खरे आहे का, आणि जायचेच झाले तर कोणता महिना निवडावा?

उत्तर : तुमच्या मुलीचे म्हणणे तिच्यापुरते खरे आहे. इबिझाचे नावाजलेले क्लब साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात एकामागून एक समारोपाच्या पार्ट्या करून दारे लावून घेतात आणि ती एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात पुन्हा उघडतात. त्यांच्या मागोमाग किनाऱ्यालगतची बहुतेक हॉटेले आणि उपाहारगृहेही बंद होतात. पण सुमारे 570 चौरस किलोमीटरच्या या बेटावर दीड लाखाच्या आसपास माणसे बारमाही राहतात. त्यांची मुले शाळेत जातात, त्यांना रोज ताजा पाव आणि भाजी लागते, संध्याकाळी चार माणसांत बसून कॉफी प्यावीशी वाटते, आणि ही माणसे जिथे राहतात तो भाग हिवाळ्यातही जागा असतो. म्हणूनच केव्हा जावे याआधी कुठे उतरावे हे ठरवायला हवे. बहुतेकांची फसगत इथेच होते.

हिवाळ्यात संकेतस्थळांवर प्लाया द'एन बोसा किंवा सांत आंतोनीच्या खाडीकाठची घरे फार कमी भाड्यात दिसतात आणि मोह होतो. उन्हाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते त्या या पट्ट्यांत जानेवारीत मात्र लोखंडी शटरांच्या रांगा, खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या गच्च्या आणि दुरुस्तीच्या कामांचा खडखडाट एवढेच असते. संध्याकाळच्या जेवणासाठीही टॅक्सी करून बाहेर पडावे लागले, तर भाड्यात वाचलेले पैसे तिथेच संपतात. तुमच्यासारख्यांनी इबिझा शहरात उतरावे. ते जमले नाही तर पूर्व किनाऱ्यावरच्या सांता एउलारियाचा विचार करावा.

इबिझा शहराचा जुना, तटबंदीच्या आतला भाग म्हणजे दाल्त विला. तो पायी पाहण्यासाठी हिवाळ्याइतका चांगला काळ नाही, कारण चढ खडा आहे, फरसबंदी गुळगुळीत झालेली आहे आणि ऑगस्टच्या उन्हात तिथे जीव मेटाकुटीला येतो. सोळाव्या शतकात तुर्की आरमाराच्या आणि चाच्यांच्या धास्तीने स्पेनच्या राजांनी इटालियन अभियंत्यांकडून हे कोट बांधवून घेतले. तोफांच्या माऱ्याचा विचार करून रचलेले त्यांचे बुरूज आजही जवळपास अभंग आहेत. मुख्य दरवाजा, पोर्ताल दे सेस ताउलेस, याच्यासमोर थोडे थांबावे. वर राजा दुसरा फिलिप याचे राजचिन्ह आहे, दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत शीर नसलेल्या रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत, आणि आत शिरताच वाट वळण घेते, जेणेकरून चाल करून येणाऱ्याला सरळ धावत आत घुसता येऊ नये. सर्वांत वर जे मुख्य चर्च आहे ते, जिथे बर्फ क्वचितच पडते अशा या बेटावर, हिमाच्या मेरीमातेला वाहिलेले आहे.

कोटाच्या पश्चिमेला, दहा मिनिटांच्या अंतरावर पुच देस मोलिन्स ही टेकडी आहे. फिनिशियन या पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापारी लोकांनी इसवी सनपूर्व सातव्या शतकात वसवलेल्या शहराची ही दफनभूमी असून खडकात कोरलेली सुमारे तीन हजार थडगी तिच्या पोटात आहेत, त्यांपैकी काहींत उतरून पाहता येते. दाल्त विला, ही दफनभूमी, सा कालेताची फिनिशियन वस्ती आणि भोवतालचा समुद्र यांना मिळून युनेस्कोने 1999 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. पार्टीचे बेट म्हणून ज्याची ख्याती आहे त्याची ही दुसरी ओळख उन्हाळ्यातल्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना असते. संग्रहालयांच्या वेळा हिवाळ्यात आखूड होतात आणि सोमवारी ती सहसा बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस आखावेत.

आता महिन्याविषयी. ऑक्टोबरात समुद्राचे पाणी अजून कोमट असते, पण पावसाचा जोरही शरद ऋतूतच अधिक असतो. नोव्हेंबर आम्ही सुचवणार नाही. सहा महिने सुट्टी न घेता राबलेले बेटवासी त्याच महिन्यात स्वतः सहलीला जातात आणि एरवी वर्षभर चालणारी उपाहारगृहेही तेव्हा काही आठवडे बंद राहतात. डिसेंबरात सूर्य संध्याकाळी सहाच्या आतच मावळतो. आमचे मत विचाराल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ निवडावा. दिवसा पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतो, रात्री आठ अंशांपर्यंत उतरतो, ऊन स्वच्छ असते आणि बेटाच्या वायव्येला सांता आग्नेस दे कोरोना या खेड्याभोवतीच्या पठारावर बदाम फुलतो.

हा बहर एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. माती विटकरी लाल, शेतांना रचीव दगडांचे बुटके बांध, आणि झाडांवर पान एकही नसताना काळपट फांद्यांवर थेट पांढरी, देठापाशी गुलाबी झाक असलेली फुले. पौर्णिमेच्या रात्री गावकरी आणि शहरातली मंडळी हातात विजेऱ्या घेऊन या शेतांमधून चालत जातात. अलीकडे झायलेला नावाच्या जिवाणूमुळे बेटावरची पुष्कळ बदामाची झाडे वाळली आहेत, त्यामुळे जुन्या छायाचित्रांतला अखंड पांढरा गालिचा आता सगळीकडे दिसेलच असे नाही. बहराची नेमकी वेळ थंडीवर अवलंबून असल्याने दोन-चार दिवस पुढेमागे धरून जावे.

चालण्यासाठी आणखी दोन ठिकाणे सांगतो. सा तालाया हे बेटाचे सर्वोच्च शिखर अवघे 475 मीटर उंचीचे आहे आणि सांत जुझेप गावातून त्यावर पायवाट जाते. दुसरे म्हणजे नैर्ऋत्य टोकाजवळचा सावीनारचा टेहळणी बुरूज. तिथून समोरच्या समुद्रातून उभा वर आलेला एस वेद्रा हा निर्जन चुनखडीचा कातळ दिसतो. कड्याच्या काठाला कठडा नाही, म्हणून वारा असेल तेव्हा फार पुढे जाऊ नये.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र डिसेंबरात इबिझाला जाऊन तिथले क्लब स्वस्तात पाहून यावे असा बेत करत आहोत. गर्दी नसेल तर प्रवेशमूल्यही कमी असेल ना?

उत्तर : प्रवेशमूल्याचा प्रश्न उद्भवण्यासाठी आधी दार उघडे असावे लागते. 1973 पासून चालत आलेला पाचा असो किंवा 1976 चा अम्नेसिया, हे क्लब उन्हाळ्यातल्या विमानांवर आणि हंगामी कामगारांवर चालतात. यांतल्या अनेक कामगारांचा करारच मुळी ठरावीक महिन्यांचा असतो, पुढच्या हंगामात पुन्हा बोलावले जाण्याचा हक्क त्यांना असतो आणि मधल्या काळात ते बेटावर असतातच असे नाही. नववर्षाच्या रात्री किंवा एखाद्या शनिवारी एखादा क्लब उघडतो, पण एवढ्यावर चार जणांचा युरोपप्रवास बेतणे शहाणपणाचे नाही.

तुम्हाला संगीतही हवे आणि गर्दीही नको असेल तर हंगामाची दोन टोके पाहा. एप्रिलच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक संगीताच्या व्यावसायिकांचे एक आंतरराष्ट्रीय संमेलन बेटावर भरते आणि त्याच सुमारास उद्घाटनाच्या पार्ट्या सुरू होतात. दुसरे टोक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचे. मात्र समारोपाच्या रात्रींचे दर उतरलेले नसतात, उलट काही वेळा ते चढेच असतात. राहण्याचा खर्च तेवढा कमी होतो.

प्रश्न : फेब्रुवारीत तिथे जाऊन आलेल्या एका नातेवाइकांनी समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे दाखवली. वाळूवर गुडघाभर तपकिरी कचऱ्याचे ढीग होते. एवढ्या प्रसिद्ध बेटावर हंगाम संपताच किनारे झाडणेही थांबवतात का?

उत्तर : तो कचरा नाही, आणि तो न उचलणे हा निष्काळजीपणाही नाही. ती पोसिडोनिया या समुद्रतळावर वाढणाऱ्या वनस्पतीची गळलेली पाने आहेत. पोसिडोनिया हे शेवाळ नसून मूळ, खोड, पान आणि फूल असलेली वनस्पती आहे. शरदात तिची पाने गळतात आणि वादळी लाटा ती फितींसारखी किनाऱ्यावर आणून रचतात. हिवाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा लाटांचा पहिला तडाखा हे ढीग झेलतात आणि खालची वाळू वाहून जात नाही. ढीग आधीच उचलले तर किनाराच झिजत जातो, म्हणून ते हिवाळाभर राहू देतात आणि हंगाम तोंडावर आला की हलवतात.

इबिझाच्या पाण्याची जी नितळ निळाई पोस्टकार्डांवर दिसते तीही बऱ्याच अंशी याच वनस्पतीमुळे आहे, कारण तिची कुरणे पाण्यातला गाळ धरून ठेवतात. इबिझा आणि शेजारचे फोर्मेंतेरा यांच्या दरम्यान 2006 मध्ये या वनस्पतीचा सुमारे आठ किलोमीटर पसरलेला एकाच रोपापासून वाढलेला, जनुकीयदृष्ट्या एकसारखा समूह आढळला असून त्याचे वय एक लाख वर्षांपर्यंत असावे असा अंदाज संशोधकांनी बांधला आहे. उन्हाळ्यात आलिशान नौकांचे नांगर ही कुरणे उपटून काढत असत, म्हणून 2018 मध्ये, इबिझा ज्यात मोडते त्या बालेआरिक द्वीपसमूहाच्या सरकारने त्यांवर नांगर टाकण्यास बंदी करणारा हुकूम काढला. तुमच्या नातेवाइकांना नाक दाबावे लागले असेल हे मान्य आहे, कुजू लागलेल्या पानांचा वास सुखावह नसतो.

प्रश्न : घरात सगळे शाकाहारी आहेत, अंडे चालते. हिवाळ्यात पर्याय कमी असताना जेवणाचे हाल होतील का?

उत्तर : हाल होणार नाहीत, मात्र चौकशी करून खावे लागेल. बेटाचे पारंपरिक जेवण मासळीचे किंवा मांसाचे आहे. बुलित दे पेइश म्हणजे मासे आणि बटाटे, सोफ्रित पाजेस म्हणजे मांस, सॉसेज आणि बटाटे. तुमच्यासाठी भाजलेल्या ढोबळी मिरचीची कोका ही चपटी भाकरी, टोमॅटो चोळलेला पाव, ऑलिव्ह, बटाट्याचे स्पॅनिश ऑम्लेट आणि पुदिना घातलेला चीजचा फ्लाओ हा गोड पदार्थ आहेत.

खरी गफलत गोडाच्या पदार्थांत होते. एन्साइमादा ही पीठसाखर भुरभुरलेली वेटोळी पाहून कोणालाही ती निर्धोक वाटेल, पण ती परंपरेने डुकराच्या चरबीत करतात. उरलेल्या एन्साइमादांचे ग्रेइशोनेरा हे पुडिंग होते, म्हणजे तेही आलेच. नाताळात बदामाची दाट, गोडसर साल्सा दे नादाल घरोघरी होते आणि तिचा पाया मांसाचा रस्सा असतो. स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेतीनला बंद होते आणि रात्री साडेआठच्या आधी सहसा उघडत नाही, त्यामुळे मधल्या वेळेची सोय जवळ ठेवावी.

प्रश्न : हिवाळ्यात बेटावर पोहोचणे आणि फिरणे कितपत सोयीचे आहे? मोटार भाड्याने घ्यावी का? फोर्मेंतेराला जाऊन यावे का?

उत्तर : उन्हाळ्यात युरोपभरातून थेट येणारी बहुतेक विमाने हिवाळ्यात बंद असतात, म्हणून बार्सेलोना, माद्रिद, वालेन्सिया किंवा पाल्मा इथून जावे लागते. वेळ असेल तर मुख्य भूमीवरच्या देनियाहून फेरीबोटही आहे. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्जासोबत हॉटेलची नोंदणी जोडण्याआधी ते हॉटेल त्या तारखांना खरोखर उघडे आहे का हे त्यांना लिहून विचारावे.

मोटार घ्यावी. बसच्या फेऱ्या हिवाळ्यात कमी होतात आणि सांता आग्नेससारख्या खेड्यात जाऊन संध्याकाळी परतणे बसने जमेलच असे नाही. 2025 पासून जून ते सप्टेंबर या काळात बाहेरून बेटावर आणल्या जाणाऱ्या मोटारींच्या संख्येवर मर्यादा आहे, हिवाळ्यात तो प्रश्न येत नाही. भारतातल्या परवान्यासोबत परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय चालन परवाना काढून न्यावा. राहण्याच्या जागेवरचा पर्यटन करही नोव्हेंबर ते एप्रिल या काळात उन्हाळ्याच्या एक चतुर्थांश असतो.

घर भाड्याने घेणार असाल तर खोल्या गरम ठेवण्याची सोय काय आहे हे आवर्जून विचारा. इथली पुष्कळ घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत, दमट हवेत फरशा गार पडतात आणि बाहेर उन्हात बरे वाटत असताना आत हुडहुडी भरते.

फोर्मेंतेराच्या बोटी इबिझा शहराच्या बंदरातून हिवाळ्यातही सुटतात आणि अर्ध्या तासात पोहोचवतात. तिथे बहुतेक हॉटेले बंद असल्याने मुक्काम करू नये, सकाळी जाऊन दुपारी परत यावे. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीचे विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी ही सहल ठेवू नका.