ती भाषा माझी नव्हती, ताई

"ताई, सलाम. माझं माहेर भायखळ्याचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीतलं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन भांडुपला आले. सासरचे लोक ज्या सभेला जातात तिथे अन्य भाषेत बोलणं, म्हणजे प्रार्थनेत कधी न शिकलेले शब्द आपसूक तोंडून येणं, हीच पवित्र आत्मा मिळाल्याची खूण मानतात. सासूबाई दर शुक्रवारी विचारायच्या, 'मिळालं का गं?' गेल्या महिन्यात उपास-प्रार्थनेला सगळ्या बायका माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तास उलटून गेला. शेवटी शेजारणीचे शब्द ऐकून मीही तसलंच काहीतरी बोलायला लागले. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी मला पहिल्यांदा मिठी मारली, रडल्या. आता येत्या शुक्रवारी सोळा वर्षांच्या एका मुलीवर हात ठेवून तिला 'मोकळं व्हायला' मदत कर म्हणून मला सांगितलंय. मी पवित्र आत्म्याशी खोटं बोलले. याला क्षमा नाही ना? आणि बाकीच्याही असंच करत असतील का?"

मुली, सलाम.

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलू, कारण तुला झोप लागत नसणार. पवित्र आत्म्याविरुद्धच्या ज्या दुर्भाषणाला क्षमा नाही, ते मत्तयाच्या बाराव्या अध्यायात कोणाला उद्देशून आहे, ते पुन्हा वाच. येशू भुतं काढतो ती सैतानाच्या बळावर, असं डोळ्यांदेखत म्हणणारी ती माणसं होती. दमलेल्या सुनेने भेदरून चार शब्द बडबडले, त्याच्याशी या गोष्टीचा काही संबंध नाही. पवित्र आत्म्याशी खोटं बोलून जागीच मेलेलं जोडपं, हनन्या आणि सप्पीरा, तेही तुला आठवत असेल. पण बघ, प्रेषित पेत्राने सप्पीरेला सरळ प्रश्न विचारला होता. खरं सांगायची संधी तिच्यापुढे होती आणि ती खोट्यालाच चिकटून राहिली. तुला तर अजून कोणी विचारलेलंही नाही, तरी तू आपणहून लिहिलंस.

तरीही जे झालं ते खोटं होतं, आणि ते मी पुसून टाकणार नाही. फक्त त्याचा सगळा भार तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको. तासभर सगळ्यांनी घेरून उभं राहायचं आणि काहीतरी ऐकू येईपर्यंत सोडायचं नाही, याला वाट पाहणं म्हणत नाहीत. माझा राग त्या बायकांवर नाही. त्यांनाही कधीतरी असंच उभं केलेलं असणार.

आता वचनात काय आहे ते पाहू. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, शिष्यांवर आत्मा उतरला तेव्हा यरुशलेमेत जे घडलं, त्यात ऐकणाऱ्यांना आपापली भाषा ऐकू आली, कळली. ग्रीसमधल्या करिंथमध्ये गोष्ट वेगळी होती. दोन बंदरं असलेलं ते शहर, आपल्या मुंबईसारखंच बहुभाषी. तिथल्या मंडळीत अन्य भाषांचा इतका गलबला झाला की प्रेषित पौलाला पत्र लिहून शिस्त लावावी लागली. बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि कोणीतरी अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहायचं. हा पौल काही या दानाचा विरोधक नव्हता. तुम्हा सर्वांपेक्षा मी अधिक भाषांत बोलतो, म्हणून देवाचे आभार, असं तोच लिहितो. आणि त्याच पत्रात, बाराव्या अध्यायाच्या शेवटी, तोच विचारतो: सगळेच अन्य भाषा बोलतात का? उत्तर 'नाही' आहे, हे विचारण्याच्या सुरातच कळतं. कृपादानं आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो, प्रत्येकाला निरनिराळी. दर शुक्रवारी हजेरी घेऊन मिळवायची ती वस्तू नाही.

अन्य भाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे आत्मा मिळाल्याची खूण, ही शिकवण ठळकपणे पुढे आली ती 1901 मध्ये, अमेरिकेतल्या टोपेका गावच्या एका बायबल शाळेतून. प्रेषितांच्या कृत्यांमधले प्रसंग त्या शिकवणीच्या मागे आहेत, म्हणून तुझ्या सासरच्यांना मी भोळे म्हणणार नाही. पण आपल्या घरचा इतिहासही त्यांना ठाऊक असायला हवा, असं मला फार वाटतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, 1905 मध्ये संजीवन आलं, म्हणजे श्रद्धेची नवी लाट उसळली. अन्य भाषांची ही चळवळ जिथून जगभर पसरली असं सांगतात, त्या लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरच्या सभा गाजल्या त्या पुढच्या वर्षी. केडगावच्या मुली रडल्या, पापं कबूल केली, तासन् तास प्रार्थनेत राहिल्या, आणि काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंनी त्यांना थांबवलं नाही. प्रत्येकीला हे दान मिळालंच पाहिजे, असा दंडकही तिथे घातला नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांचंही म्हणणं तसंच होतं. आणि ज्या मुक्तीत हे घडलं, तिथेच पुढे रमाबाईंचं मराठी बायबल छापलं गेलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत.

बाकीच्याही नाटक करतात का, हे तू विचारलंस. स्वतःवरून त्यांना मोजू नकोस. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूची पाहणी केली. बोलण्यावर आपला ताबा ठेवणाऱ्या पुढच्या भागात रक्तपुरवठा मंदावलेला दिसला. आपण मुद्दाम बोलत नाही, असं त्या सांगायच्या, त्याच्याशी हे जुळतं. यातून आत्मा सिद्ध होत नाही की खोटा ठरत नाही. तुझ्या शेजारणीचं जे होतं ते तिचं आणि देवाचं. तुझं तेवढं तुझ्या हातात आहे.

म्हणून शुक्रवारच्या आधी बोल. पहिल्यांदा नवऱ्याशी, रात्री जेवणं झाल्यावर. मग त्याला बरोबर घेऊन सासूबाईंशी. लांबण लावू नकोस. "आई, त्या दिवशीचे शब्द माझेच होते. तुमच्या डोळ्यांतली वाट पाहणं मला सहन झालं नाही, म्हणून बोलले. मला माफ करा." एवढं पुरे. त्या रागावतील, कदाचित चार दिवस अबोला धरतील. त्या मिठीचं तुला किती मोल आहे, ते तुझ्या पत्रात दिसतं, आणि ती जाईल याची भीती खरी आहे. पण ती मिठी मारलेली सून तू नव्हतीस, हेच तर तुला आत टोचतंय. पास्टरांना काय सांगायचं, ते घरी बोलून झाल्यावर तिघं मिळून ठरवा. सगळ्या सभेपुढे साक्ष द्यायचा आग्रह झाला तर 'आत्ता नको' म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

एका गोष्टीत मात्र मी सवलत देणार नाही. त्या मुलीवर तू हात ठेवायचा नाहीस. तुझ्याबरोबर जे झालं, ते तुझ्या हातून तिच्याबरोबर होता कामा नये.

शुक्रवारी जा जरूर. तिच्या शेजारी सतरंजीवर बस, मराठीत तिच्यासाठी प्रार्थना कर, तिचं नाव घेऊन. आणि मधेच वाकून हळूच विचार, "दमलीस का गं? पाणी देऊ?" तुला त्या तासाभरात हे कोणी विचारलं नव्हतं.