'बाये दांकी'मधला 'बाये' कुठून आला?

आफ्रिकान्समध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डचमधून घडलेल्या भाषेत, 'खूप आभार' म्हणायला 'बाये दांकी' म्हणतात, त्यातला 'दांकी' डच आहे हे कळलं, पण 'बाये' डच शब्दकोशात का नाही, असं तुम्ही विचारलंय. कारण तो डच नाहीच, मलाय म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या भाषेतला आहे. मूळ शब्द 'बान्याक', म्हणजे पुष्कळ. मलायमध्ये शेवटचा 'क' धड उच्चारत नाहीत, घशातच अडवतात. तो गळाला, मधला 'न्य' झिजून 'य' झाला आणि उरलं 'बाये'. शेवटचा स्वरही अगदी ओझरता म्हणायचा.

1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, म्हणजे आजच्या केप टाऊनच्या जागी, ठाणं वसवलं आणि पुढे जावा, सुलावेसी, बंगाल, मलबार, मादागास्कर अशा ठिकाणांहून गुलाम आणले. त्यांची भाषा एक नव्हती. कंपनीच्या बंदरांतून चालणारी मोडकी पोर्तुगीज आणि बाजारी मलाय यांवरच त्यांचं आपसात भागायचं. केळ्याला 'पिसांग', बशीला 'पीरिंग' हे आफ्रिकान्स शब्दही मलायच, पण त्यांचं मला फारसं नवल वाटत नाही. वस्तूबरोबर तिचं नाव येतंच. 'खूप'सारखा शब्द मात्र जहाजातल्या मालाबरोबर उतरत नाही. तो रोजच्या बोलण्यातून झिरपतो. मालकाच्या घरी रांधणाऱ्या, त्याची मुलं सांभाळणाऱ्या गुलाम बायकांकडूनच तो त्या मुलांच्या तोंडी बसला असणार, असं मला वाटतं.

1925 मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला, तो गोऱ्या आफ्रिकानेरांच्या, म्हणजे मुख्यतः डच वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या, चळवळीतून. पण त्याच्या कितीतरी आधी केपचे मुसलमान ही भाषा अरबी लिपीत लिहीत होते. उस्मानी साम्राज्यातून केपला आलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा तसा धर्मशिक्षणाचा ग्रंथ 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. आजही ही मातृभाषा असणाऱ्यांत गोरे निम्म्याहून कमी आहेत. 'गोऱ्यांची भाषा' हा शिक्का म्हणूनच मला पटत नाही.

वापराचं म्हणाल तर मराठी माणसाला हा शब्द सोपा जातो. डचमध्ये 'पुष्कळ' आणि 'अतिशय' यांना वेगवेगळे शब्द लागतात. 'बाये' मात्र आपल्या 'खूप'सारखा दोन्हीकडे चालतो. 'बाये मेन्से' म्हणजे खूप माणसं, 'बाये मोय' म्हणजे खूप सुंदर. आणि आपला 'खूप' तरी कुठे घरचा आहे? तो फारसी 'खूब'वरून आलाय, ज्याचा मूळ अर्थ 'चांगला'.